एकोणीस इंचांचा नमुना

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या आमच्याकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडला आला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला नेतो तसं त्यालाही आम्ही जवळच्या हॅनफर्ड या जुन्या सरकारी अणुप्रकल्पातला बी रिॲक्टर बघायला नेलं. १९४४ मधे सुरू झालेला, ट्रिनिटीच्या, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीसाठी आणि नागासाकीच्या बॉम्बसाठी ज्यातून प्लुटोनियम आलं तो. ते प्लुटोनियम वेगळं काढताना उरलेला किरणोत्सारी कचरा तिथेच जमिनीखालच्या टाक्यांमधे भरून ठेवलाय. बसच्या टूरने गेलो, रिॲक्टरच्या त्या प्रचंड भिंतीसमोर बसवून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. परत येताना तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत गप्प होता, मग एकदम म्हणाला, "काकू, हा सगळा कचरा त्यांनी स्वतःच टाक्यांमधे भरला ना? मग आत काय आहे हे त्यांना माहीत नाही असं कसं होईल? लिहून ठेवलं नव्हतं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला तो फार आवडला. मी पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमधे काम करते, हॅनफर्डशी माझा कामाचा काहीही संबंध नाही, पण नमुना कसा घ्यायचा, त्यावरून किती बोलायचं आणि कुठे थांबायचं हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे इथे राहायला आल्यापासून या टाक्यांबद्दल जे मिळेल ते मी वाचत आलेय. त्याला बसमधे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, घरी आल्यावर जेवताना पुन्हा विषय निघाला, आणि तेव्हाच ठरवलं की एकदा हे सगळं नीट लिहून काढायचं.

तर आधी टाक्या. हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या आहेत. त्यातल्या १४९ एका कवचाच्या, म्हणजे काँक्रीटच्या आत स्टीलचा एकच थर, १९४३ ते १९६४ च्या दरम्यान बांधलेल्या. उरलेल्या २८ दोन कवचांच्या, त्या नंतरच्या. मोठ्या टाकीचा व्यास ७५ फूट, वरती घुमट आणि घुमटावर सात-आठ फूट माती, त्यामुळे वरून बघितलं तर नुसतं मैदान दिसतं आणि त्यातून वर आलेले पाईप. सगळ्या मिळून साधारण ५ कोटी ६० लाख गॅलन कचरा, म्हणजे २१ कोटी लिटरच्या आसपास. एका कवचाच्या टाक्यांपैकी ६७ गळल्या असं धरलं जातं आणि जवळपास १० लाख गॅलन जमिनीत गेलंय, खाली भूजल आणि पलीकडे कोलंबिया नदी.

आता लिहून ठेवलं होतं का, तर हो, ठेवलं होतं. कुठल्या टाकीतून कुठल्या टाकीत किती गेलं याच्या नोंदी आहेत. पण बघा काय काय झालं. प्लुटोनियम वेगळं काढायला आधी बिस्मथ फॉस्फेटची पद्धत होती, मग रेडॉक्स आली, मग प्युरेक्स, तिन्हींचा कचरा वेगळा. तो निघायचा ॲसिडिक, पण टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या, ॲसिडने खाऊन टाकल्या असत्या, म्हणून भरपूर कॉस्टिक सोडा घालून अल्कलाइन करायचे, आणि तसं केलं की त्यातले बरेच धातू खाली गाळ होऊन बसतात. टाक्या तीन-चारच्या ओळीत जोडलेल्या, एक भरली की वरचं पाणी पुढच्या टाकीत ओसंडायचं. मग जागा कमी पडायला लागली तेव्हा इव्हॅपोरेटर लावून पाणी उडवलं, की मीठ जमून कडक थर तयार. मग उष्णता फार आहे म्हणून काही टाक्यांमधून सीझियम आणि स्ट्रॉन्शियम बाहेर काढलं, ते काढायला आणखी रसायनं वापरली, आणि ती परत टाकीतच गेली. असं चाळीसेक वर्षं, आणि हे सगळं होत असताना आत रेडिएशन चालूच, ते प्रत्येक रसायन हळूहळू मोडतंय आणि त्यातून दुसरं काहीतरी बनतंय. वहीत लिहिलेलं असतं काय घातलं ते. आत आज काय आहे ते त्या वहीत कसं सापडेल?

लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या लोकांनी पुढे या जुन्या नोंदींवरून प्रत्येक टाकीत काय असावं याचं मॉडेल केलं, फार मेहनतीचं काम आहे ते आणि उपयोगीही पडलं. पण मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज, आणि काही अंदाजांच्या भरवशावर झोप लागत नाही.

झोप न लागण्याचं कारण होतं २९ सप्टेंबर १९५७. तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधे, उरल भागात मायाक नावाच्या प्रकल्पात अशाच एका टाकीचं कूलिंग बंद पडलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आतलं पाणी उडून गेलं, नायट्रेट आणि ॲसिटेटचे क्षार कोरडे होऊन तापत गेले आणि टाकी फुटली. तो अणुस्फोट नव्हता, साधा रासायनिक स्फोटच होता, पण वरचं काँक्रीटचं १६० टनांचं झाकण उडालं आणि किरणोत्सारी धूळ शेकडो किलोमीटर लांब पट्ट्यात पसरली. हॅनफर्डच्या टाक्यांमधे सोडियम नायट्रेट आणि नायट्राइट तर ढिगाने आहे. शिवाय १९५० च्या दशकात टाक्यांमधे जागा करायला म्हणून त्यांनी काही टाक्यांमधे फेरोसायनाइड घातलं होतं, त्याने सीझियम खाली बसतं आणि वरचं पाणी काढून टाकता येतं, साधारण १४० टन घातलं गेलं. फेरोसायनाइड आणि नायट्रेट कोरडं मिसळून तापवलं तर स्फोट होतो, हे रसायनशास्त्र आहे, त्यात शंका नाही. मग प्रश्न असा की आपल्या टाकीत ते किती आहे, कोरडं आहे की ओलं, आणि किती तापतंय. आणि १९९० च्या सुमारास या प्रश्नाचं खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

१९९० मधे अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, ऑरेगनचे खासदार रॉन वायडन यांनी तो लावून धरला होता, की धोका असू शकेल अशा टाक्या शोधून त्यांची यादी करा, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवा, त्यांच्यात शक्यतो आणखी कचरा घालू नका. त्यालाच वॉच लिस्ट म्हणायचे. चार कारणं होती, पेट घेणारे वायू, फेरोसायनाइड, सेंद्रिय रसायनं आणि जास्त उष्णता, आणि पन्नासहून जास्त टाक्या त्या यादीत गेल्या. तीन वर्षांनी, १९९३ मधे, संरक्षण अणुप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळाने वेगळी शिफारसच काढली, ९३-५ क्रमांकाची, त्यात सरळ म्हटलं होतं की टाक्यांमधे काय आहे याची माहिती अपुरी आहे, नमुने घेण्याचा वेग फार कमी आहे, वाढवा. मला ती शिफारस महत्त्वाची वाटते कारण त्यात कुठलंही नवीन यंत्र नाही, मोठी योजना नाही, फक्त एवढंच म्हणणं की आधी बघा तरी.

पण बघायचं म्हणजे काय करायचं हे एकदा डोळ्यासमोर आणून बघा. टाकीत माणूस उतरू शकत नाही. घुमटातून वर आलेले काही पाईप आहेत, त्यांना रायझर म्हणतात, काही चार इंचांचे, काही बारा इंचांचे, आत जायची वाट तेवढीच. त्या पाईपवर एक खास ट्रक आणून उभा करतात, त्यावर ड्रिलिंगचं यंत्र, आणि नळीत नळी जोडत खाली जायचं. गाळ मऊ असेल तर नळी नुसती दाबायची. मीठ कडक झालेलं असेल तर टोकाला बिट लावून फिरवत कापायचं, आणि तिथेच खरी काळजी, कारण बिट फिरलं की तापतं, आणि आपण नेमकं तेच बघायला आलोय की हे तापल्यावर पेटतं का. म्हणून बिट नायट्रोजनने गार ठेवायचं, किती दाब आणि किती वेग याच्या मर्यादा पाळायच्या, टाकीतली हवा फिल्टरमधून ओढून घ्यायची, ठिणगी पडू नये म्हणून सगळं अर्थिंगला जोडायचं. आणि त्याही आधी टाकीतल्या मोकळ्या जागेतली हवा मीटरने तपासायची. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, पेट घेण्याच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाला पोचला तरी काम थांबवायचं असा नियम.

हे करणारी माणसं दोन-दोन कपडे चढवून, तोंडावर मास्क लावून, वाळवंटी उन्हाळ्यात आणि इथल्या बोचऱ्या थंडीत वाऱ्यात उभी राहून हे काम करतात. बाजूला रेडिएशन मोजणारा टेक्निशियन प्रत्येक पायरीला हात वर करून थांबवू शकतो. एक-एक नमुना काढायला दिवस जातात.

नळीच्या टोकाला जो सॅम्पलर असतो तो स्टीलचा, त्यात एका वेळी १९ इंच लांबीचा आणि साधारण एक इंच जाडीचा तुकडा येतो. तो भरला की खालची झडप बंद, वर ओढायचा, नवीन सॅम्पलर लावायचा आणि पुढचे १९ इंच. असं थेट तळापर्यंत. एक गोष्ट मला इतकी आवडते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅम्पलर बदलताना टाकीतलं पाणी नळीत वर चढू नये म्हणून नळीत वरून पाणी भरून ठेवतात. मग ते पाणीच नमुन्यात मिसळलं तर? तपासताना नमुना आहे त्यापेक्षा ओला दिसेल, आणि ओला म्हणजे सुरक्षित, म्हणजे चूक नेमकी चुकीच्या बाजूला होणार. म्हणून त्या पाण्यात ते लिथियम ब्रोमाइड घालतात. ते कचऱ्यात एरवी जवळजवळ नसतंच. लॅबमधे लिथियम किंवा ब्रोमाइड दिसलं की कळतं वरचं पाणी किती शिरलंय, आणि तेवढं वजा करता येतं. इतकी साधी गोष्ट, पण ज्या कुणाला सुचली त्याने स्वतःच्याच नमुन्यावर संशय घेतला होता, आणि चांगल्या लॅबवाल्याचं तेच लक्षण आहे असं मी मानते.

मग नमुना जाड शिशाच्या पेटीतून २२२-एस नावाच्या लॅबमधे जातो, ती तिथेच आत आहे, १९५१ पासून चालू आहे. हॉट सेल म्हणजे जाड भिंतींची खोली, जाड काचेची खिडकी, आणि बाहेर उभं राहून चालवायचे यांत्रिक हात. त्या हातांनी सॅम्पलर उघडायचा आणि आतला तुकडा दट्ट्याने ढकलत एका ट्रेवर आडवा काढायचा. त्याचे फोटो मी पाहिलेत. लांबट ट्रे, बाजूला मोजपट्टी, आणि त्यावर कधी चॉकलेटी लोण्यासारखा सुळकन आलेला गाळ, कधी ओल्या मिठासारखा पांढरट, भुगा होणारा, कधी नुसतं पिवळं पाणी आणि शेवटी दोन इंच चिखल. तपासणारा माणूस आधी फक्त बघतो आणि लिहितो, रंग काय, कुठून कुठे बदलला, स्वतःच्या वजनाने पसरला की उभा राहिला, पाणी किती निथळलं. अब्जावधींचा प्रकल्प आणि त्याची सुरुवात कुणीतरी "वरचे सहा इंच राखाडी, खाली तपकिरी, मऊ" असं लिहिण्यापासून होते, हे मला फार खरं वाटतं.

त्यानंतर त्यातला थोडासा भाग घेऊन तापवून बघतात. डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री म्हणतात त्याला, काही मिलिग्रॅम नमुना एका इवल्याशा भांड्यात ठेवून हळूहळू तापवायचा आणि तो उष्णता घेतोय की सोडतोय ते बघायचं. आधी पाणी उडताना तो उष्णता घेतो, आलेख एका बाजूला जातो. पुढे आत काही पेटणारं असेल तर तो स्वतः उष्णता सोडायला लागतो, आलेख दुसऱ्या बाजूला. कोरड्या वजनाच्या एका ग्रॅमला ४८० ज्यूलपेक्षा जास्त सोडली तर लगेच वर कळवायचं, ही सीमा. दुसरीकडे पाणी किती आहे ते, सेंद्रिय कार्बन किती, आणि अल्फा किरण किती, कारण अल्फावरून प्लुटोनियमचा अंदाज येतो आणि ते एका जागी फार साठलेलं नाही ना हे बघायचं असतं.

इथे जरा थांबून आकडे शेजारी ठेवा. ३८ लाख लिटरची टाकी. त्यातून एक इंच जाडीची उभी काडी. त्यातला १९ इंचांचा एक तुकडा. त्यातले काही मिलिग्रॅम. आणि त्यावरून म्हणायचं की टाकी सुरक्षित आहे.

हे वाक्य म्हणायला किती धीर लागतो हे मला माझ्या एका चुकीवरून कळलंय. लॅबमधे लागून वर्षही झालं नव्हतं, एका सेटलिंग टाकीतल्या पाण्याच्या बाटल्या आल्या होत्या, मी घाईत बाटली न हलवता वरचं पाणी घेतलं आणि धातूंची तपासणी केली, आकडे छान कमी आले, रिपोर्ट गेला. दुसऱ्या दिवशी बाटल्या परत ठेवायला घेतल्या तर तळाला बोटभर साका बसलेला. सगळं शिसं त्या साक्यात होतं. रिपोर्ट मागे घ्यावा लागला, ज्यांचं पाणी होतं त्यांना फोन करून सांगावं लागलं की काल सांगितलं ते खरं नव्हतं. मशीन बरोबर होतं, कॅलिब्रेशन बरोबर होतं, आकडा दशांशापर्यंत बरोबर होता, फक्त तो आकडा कशाचा आहे हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही रिझल्ट वाचताना आधी नमुना कसा घेतला ते वाचते. हॅनफर्डच्या टाक्या तर निव्वळ थरच आहेत, तळाला गाळ, मधे मीठ, वर निवळ पाणी, आणि प्रत्येक थरातही इकडे एक तिकडे एक.

म्हणून तिथे एक पद्धत बसवली गेली की नमुना घ्यायच्या आधी लिहून काढायचं, कुठला निर्णय घ्यायचाय, त्यासाठी कुठला आकडा हवाय, तो किती चुकला तर चालेल, आणि चुकला तर कुठल्या बाजूला चुकलेला परवडेल. डेटा क्वालिटी ऑब्जेक्टिव्ह्ज असं त्याचं जड नाव आहे. आधी नुसता नमुना घ्या आणि सगळंच तपासा असं चालायचं, त्यात प्रत्येक तपासणीला वेळ आणि प्रत्येक वेळेला माणसांना रेडिएशन. प्रश्न आधी ठरवला की नमुने कमी लागतात आणि उत्तर जास्त मिळतं.

फेरोसायनाइडचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते ऐकून पुतण्याचा चेहरा खुलला होता. कागदावर ते १४० टन होतं. लॅबमधे तसंच मिश्रण करून, अल्कलाइन ठेवून, त्यावर रेडिएशन सोडून बघितलं तर फेरोसायनाइड हळूहळू विरत जातं, त्यातून अमोनिया आणि फॉर्मेट तयार होतं. मग टाक्यांमधले खरे नमुने काढले आणि त्यातही तेच, जेवढं घातलं होतं त्याचा थोडासाच भाग शिल्लक, आणि जे आहे ते ओलं. चाळीस वर्षांत त्या टाक्यांनी आपला आपण तो धोका कमी करून टाकला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. १९९६ मधे फेरोसायनाइडच्या टाक्या यादीतून काढल्या. मग सेंद्रियवाल्या, मग उष्णतावाली, आणि २००१ मधे वायूवाल्या. आता यावर कुणी म्हणेल की उगाच घाबरले होते. मला ते अजिबात पटत नाही. नमुना न काढता जर कुणी म्हणालं असतं की काळजी करू नका, तर ते वाक्य नशिबाने खरं ठरलं असतं एवढंच.

एसवाय-१०१ नावाच्या टाकीची गोष्ट मात्र वेगळी, तिथे धोका खरा होता. दोन कवचांची टाकी, तळाला घट्ट चिखल, रेडिएशनने पाणी आणि सेंद्रिय रसायनं मोडून हायड्रोजन, नायट्रस ऑक्साइड, अमोनिया तयार होतात आणि त्या चिखलातच अडकून बसतात. चिखल फुगत जातो, हलका होतो, आणि साधारण शंभर-एक दिवसांनी त्याचा मोठा गोळा उलटून वर येतो आणि सगळा वायू एकदम बाहेर. टाकी ढेकर देते असंच इथले लोक म्हणायचे. हायड्रोजन आणि त्याच्याबरोबर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जळणारं आणि जाळणारं दोन्ही एकाच जागी. आता या टाकीतून नमुना घ्यायचा कधी? तर ढेकर येऊन गेल्यावर लगेच, जेव्हा वायू सगळ्यात कमी असतो. १९९१ मधे त्यांनी तसेच नमुने घेतले, सगळी तयारी करून वाट बघत बसायचं आणि ढेकर आली की मधल्या दिवसांत काम उरकायचं.

आणि नमुना घेतला तरी मोठी अडचण, साधा सॅम्पलर वर येईपर्यंत वायू निसटतो. मग पुढे वायू कोंडून ठेवणारा खास सॅम्पलर केला. शिवाय टाकीत आतच जाऊन मोजणारी साधनं केली, एक चिखलाचा थोडा भाग कोंडून, दाबून बघायचं की त्यात बुडबुडे किती आहेत, आणि एक जड धातूचा गोळा केबलने खाली सोडायचा, तो किती सहज खाली जातो त्यावरून चिखल किती घट्ट आहे ते कळतं. काही गोष्टी बाटलीत भरून आणताच येत नाहीत, आणल्या की त्या त्या राहत नाहीत, त्या जागेवरच मोजाव्या लागतात.

जुलै १९९३ मधे त्या टाकीत मोठा मिक्सर पंप बसवला, तो चिखल ढवळत ठेवतो, वायू थोडा थोडा सुटत राहतो, ढेकरा बंद झाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग काही वर्षांनी टाकीतली पातळी वर चढायला लागली, कारण आता बुडबुडे वरच्या सायीसारख्या थरात अडकत होते आणि ती साय जाड होत चालली होती. शेवटी १९९९ च्या अखेरीपासून काही कचरा बाहेर काढून आत पाणी घालून ते पातळ करावं लागलं, तेव्हा कुठे ती टाकी शांत झाली. म्हणजे तपासून, उपाय करूनही बघणं थांबवता आलं नाही.

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग येतो ती. टाक्यांमधून वायू आणि वाफा बाहेर येतात, अमोनिया, पारा, नायट्रोसामाइन्स, आणखी बरंच काही. कामगार वर्षानुवर्षं सांगत होते की वास येतो, डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, श्वास लागतो. सी-१०३ या टाकीजवळ तर १९८० च्या दशकापासून हे चालू होतं, तिच्यात वर सॉल्व्हंटचा तवंग होता. आणि उत्तर यायचं की हवेचे नमुने मर्यादेच्या आत आहेत. २०१४ मधे डझनावारी लोकांना डॉक्टरकडे न्यावं लागलं. त्याच वर्षी सव्हाना रिव्हरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचा गट बसला आणि त्यांनी म्हटलं की वाफांचा आणि त्रासाचा संबंध असल्याचे पुरावे ठळक आहेत, आणि त्रास थोड्या वेळाच्या पण तीव्र झोतांनी होत असावा, जो आठ तासांची सरासरी काढणाऱ्या पद्धतीत दिसतच नाही. पुढे वॉशिंग्टन राज्य सरकार २०१५ मधे कोर्टात गेलं आणि २०१८ मधे तडजोड झाली, संरक्षणाचे नियम कडक झाले.

मी लॅबमधे बसते म्हणून मला हे जास्त लागतं. ते नमुने खोटे नसतील. पण झोत दहा सेकंदांचा असेल आणि तुम्ही आठ तासांची हवा एका नळीत ओढली, तर नळीत जे येतं ते त्या दिवसाचं खरं आहे, त्या माणसाचं नाही. माणूस सांगतोय की मला त्रास झाला, हाही नमुनाच आहे. तो नोंदवून न घेता कागद पुढे करणं हे मला बरोबर वाटत नाही, कुठेच.

उष्णतेच्या यादीत एकच टाकी होती, सी-१०६, गाळातल्या स्ट्रॉन्शियममुळे इतकी तापायची की तिच्यात दर महिन्याला हजारो गॅलन पाणी घालावं लागायचं, आणि एका कवचाच्या जुन्या टाकीत पाणी घालत राहणं म्हणजे किती मोठी जोखीम बघा. १९९८-९९ मधे तिचा गाळ काढून दोन कवचांच्या एवाय-१०२ मधे नेला. आणि २०१२ मधे दोन कवचांच्या टाक्यांपैकी जी पहिली गळलेली सापडली ती हीच, एवाय-१०२. दोन कवचांच्या मधल्या मोकळ्या जागेत कॅमेऱ्याला काहीतरी वाळलेलं दिसलं. पावसाचं पाणी शिरलं असेल का, जुनं काही असेल का, यावर नुसती चर्चा करता आली असती, पण त्यांनी त्यातला थोडा खरवडून आणून तपासला, टाकीतल्या कचऱ्याशी जुळला, आणि ऑक्टोबरमधे जाहीर केलं. २०१७ पर्यंत ती रिकामी केली.

आता कामाचं स्वरूप बदललंय. जानेवारी २०२२ पासून एपी नावाच्या टाक्यांजवळ कचऱ्यातलं वरचं पाणी गाळून त्यातलं सीझियम काढायची यंत्रणा चालू आहे, आणि वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करायला पाठवायच्या आधी कचरा तपासावा लागतोच, भट्टीला काय चालतं काय चालत नाही ते वेगळं. म्हणजे पूर्वी प्रश्न होता हे फुटेल का, आता प्रश्न हा की याची चांगली काच होईल का. बाटली तीच.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर पुतण्याने जेवणाच्या टेबलावरच विचारलं, "पण काकू, टाकीत नेमका कुठे नमुना घ्यायचा हे कोण ठरवतं?"

"जिथे पाईप आहे तिथे," मी म्हटलं. म्हणजे १९४४ मधे कुणीतरी तापमापक सोडायला किंवा पंप लावायला म्हणून जिथे रायझर ठेवला तिथे. त्यातलेही काही गंजलेले, काहींमधे जुनी यंत्रं अडकलेली, म्हणून जे मोकळे असतील ते. शक्यतो दोन, एकमेकांपासून लांब. २०१० मधे सी-१०७ च्या घुमटाला त्यांनी ५५ इंचांचं नवीन भोक पाडलं होतं, पण ते नमुन्यासाठी नव्हतं, कचरा काढायचा यांत्रिक हात आत सोडायला.

त्याने पेपर नॅपकिन ओढला, त्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, कडेजवळ दोन ठिपके दिले, आणि मधल्या मोकळ्या जागेवर पेन टेकवून बराच वेळ तसाच बसून राहिला.